आल्कालाचा जिना: १:२० मॉडेलच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

काम घेतलं. एका आर्किटेक्चर कॉलेजला प्रदर्शनासाठी पाच मॉडेलं हवी आहेत. विषय 'आता नसलेले जिने'. चार आधीच वाटली गेली होती, उरलेलं माझ्या गळ्यात: स्पेनमधल्या आल्काला दे एनारेस गावातल्या आर्चबिशपच्या राजवाड्याचा मुख्य जिना. मॅडम फोनवर म्हणाल्या, "काका, याला कोणी हात लावेना, तुम्हीच करा." का हात लावेना ते फोन ठेवल्यावर कळलं. राजवाडा ११ ऑगस्ट १९३९ ला जळाला, जिना त्यात गेला. मोजमापाचा नकाशा कॉलेजकडे नाही. आहेत ते जुने फोटो.

प्रमाण १:२०. बैठक तीन फूट बाय अडीच. गुढीपाडव्याच्या आत पोचवायचं. ॲडव्हान्स 'याच आठवड्यात'.

एरवी मॉडेलवाल्याला इतिहासाशी काय देणंघेणं? नकाशा द्या, कापून देतो. इथे नकाशाच नाही, म्हणून ही वही.

१५ जानेवारी

दोन दिवस नुसतं वाचन. कटरला हात नाही.

आधी नाव. 'आल्काला' म्हणजे अरबी 'अल-कला', किल्ला. आपला 'किल्ला' हा शब्दही फारसीवाटे तिथूनच आलेला. म्हणजे गावाचं नाव सरळ 'किल्ला'च. 'एनारेस' म्हणजे गवताच्या गंजी. किल्ले गवतगंज! मनात पक्कं बसलं.

माद्रिदच्या पूर्वेला साधारण ३५ किलोमीटर. ११२९ मध्ये राजा सातव्या आल्फोन्सोने हे गाव तोलेदोच्या आर्चबिशपला देऊन टाकलं. तेव्हापासून आर्चबिशप इथला धर्मगुरूही आणि धनीही. शेतसारा त्याचा, न्यायनिवाडा त्याचा. १२०९ च्या सुमारास रोद्रिगो हिमेनेस दे रादा या आर्चबिशपने तटबंदीचा वाडा बांधायला घेतला. चौदाव्या शतकाच्या शेवटी पेद्रो तेनोरिओने तट आणि बुरूज वाढवले. त्याच्या नावाचा बुरूज अजून उभा आहे. पंधराव्या शतकात कोन्त्रेरास नावाच्या आर्चबिशपने धर्मसभांसाठी लांबलचक दालन बांधलं, वर मुदेहार पद्धतीचं लाकडी छत. मुदेहार म्हणजे ख्रिस्ती राजवटीत मुसलमानी कारागिरीच्या वळणाने झालेलं काम. लाकडाच्या पट्ट्या एकमेकींत गुंफून केलेल्या तारकांच्या आकृत्या. आपल्या वाड्यातल्या कडीपाटाचा श्रीमंत चुलतभाऊ म्हणा.

तर 'राजवाडा' हा शब्द थोडा फसवा आहे. हे जहागिरीचं ठाणं. तीनशेहून जास्त वर्षांत प्रत्येकाने आपापलं काही चिकटवलेलं. आपला जिना या सगळ्याच्या शेवटच्या मोठ्या थरात येतो. आलोन्सो दे फोन्सेका १५२४ ते १५३४ आर्चबिशप होता, त्याच्यामागून हुआन पार्दो दे ताव्हेरा १५४५ पर्यंत. दोघांचा वास्तुकार एकच, आलोन्सो दे कोव्हारुबियास. जन्म १४८८, तोलेदोजवळच्या तोरिहोस गावचा. दगडावरच्या नक्षीकामात वाढलेला माणूस, पुढे तोलेदोच्या कॅथीड्रलचा मुख्य मिस्त्री, १५३७ पासून राजाचा वास्तुकार.

हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण मालक बदलला तरी मिस्त्री तोच राहिला की काम एकसंध दिसतं. माझ्या धंद्यातही हाच अनुभव.

१९ जानेवारी

फोटो मोठा करून प्रिंट काढला, ए-वन आकारात, आणि भिंतीवर चिकटवला. काढणारा झाँ लोराँ, मूळचा फ्रेंच, दुकान माद्रिदला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने स्पेनभर फिरून इमारती टिपल्या. काचेच्या निगेटिव्ह २७ बाय ३६ सेंटिमीटरच्या. आज ते भांडार स्पेन सरकारकडे आहे आणि स्कॅन बघायला मिळतात. मोठी काच असल्यामुळे तपशील इतका की दगडाचे सांधे मोजता येतात.

दिसतं ते असं: जिन्याच्या भिंती साध्या नाहीत. प्रत्येक दगड मधे फुगवून कडांना दाबलेला. स्पॅनिशमध्ये या कामाला 'आल्मोआदियादो' म्हणतात. 'आल्मोआदा' म्हणजे उशी, म्हणून उशीकाम. तो शब्दही अरबीच, मुळात 'खद्द' म्हणजे गाल. गालाखाली घ्यायची ती गालउशी. तर भिंतभर दगडाच्या उश्या रचलेल्या, जिन्याला कोरीव कठडा, वर कमानी.

यातलं बारीक नक्षीकाम त्या काळच्या कास्तिलियन, म्हणजे मध्य स्पेनच्या, पद्धतीचं. तिला 'प्लातेरेस्को' म्हणतात. 'प्लातेरो' म्हणजे चांदीकाम करणारा. वेली, राक्षसमुखं, पंखवाले प्राणी, गोल चौकटीतली माणसांची डोकी, हे सगळं इटलीहून आलेलं सामान. पण ते इथल्या पाथरवटांनी चांदीच्या भांड्यावर ठोकतात तसं दगडावर पसरलं. इटालियन वास्तुकाराला बहुतेक मळमळलं असतं. मला आवडतं.

अडचण ही, की फोटोत मोजपट्टी नाही. एका फोटोवरून दिशा कळते, माप नाही. सुताने रेषा ओढून दोन मिलनबिंदू (समांतर रेषा फोटोत जिथे मिळतात ते) काढले, क्षितिज काढलं, म्हणजे कॅमेरा किती उंचीवर होता त्याचं प्रमाण मिळालं. सेंटिमीटर काही मिळाले नाहीत. आणि कॅमेऱ्याची पाठ ज्या बाजूला होती ती बाजू कॅमेऱ्याने पाहिलेलीच नाही.

ॲडव्हान्स आला नाही.

२६ जानेवारी

भाची माद्रिदला शिकते. तिला गळ घातली. आज लोकल ट्रेनने आल्कालाला जाऊन आली आणि व्हिडिओ कॉल केला.

"मामा, हे बघ तुझा राजवाडा. आत सोडत नाहीत, बिशपचं ऑफिस आहे." (१९९१ पासून आल्कालाला स्वतंत्र बिशप आहे. आर्चबिशपच्या वाड्यात आता बिशप बसतो.)

दर्शनी भिंत मात्र उभी आहे, कोव्हारुबियासच्याच काळातली. वरच्या मजल्याच्या खिडक्यांभोवती नक्षीच्या चौकटी, सर्वांत वर बुटक्या कमानींची ओळ. तिला म्हटलं, ती ओळ नीट दाखव. ही इटलीहून शिकलेली गोष्ट नाही, घराच्या माथ्यावर वाऱ्यासाठी सज्जा ठेवायची स्पेनमध्ये जुनी चाल. मधोमध भलंमोठं राजचिन्ह आहे, ते बघून भाची म्हणाली, "हे वेगळंच वाटतंय, जास्त फुगलेलं." बरोबर ओळखलं. ते अठराव्या शतकातलं, लुईस आन्तोनिओ दे बोर्बोन या राजपुत्राचं. हा गडी १७३५ मध्ये तोलेदोचा आर्चबिशप झाला तेव्हा वय वर्षं आठ. बापाने नेमला. १७५४ मध्ये कंटाळून सोडून दिलं. घरात मुलगा आठ वर्षांचा असताना आपण त्याला ट्यूशन लावतो.

"आणि आत काय उरलंय?" तिने विचारलं. म्हटलं, तुझ्या समोरची भिंत, तट, बुरूज, असंच. मधलं सगळं जळालं.

"म्हणजे शनिवारवाडाच की!"

पुण्याची पोरगी. शेवटी तिने कॅमेरा वर केला. बुरजांवर, मनोऱ्यांवर करकोच्यांची मोठाली घरटी. आल्काला त्यासाठीच प्रसिद्ध आहे म्हणे. पाच मिनिटं तेच दाखवत राहिली. माझ्या कामाचं त्यात काही नव्हतं, पण कॉल बंद करवेना.

२ फेब्रुवारी

आपल्याकडच्या जिन्याचा विचार डोक्यातून जाईना. माझं बालपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. जिना भिंतीच्या पोटात, अंधारा, पायऱ्या गुडघ्याएवढ्या, धरायला मधोमध लोंबणारा दोर. जिन्याच्या तोंडाला झडपेचं दार, वरून बंद केलं की वरचा मजला सुरक्षित. जिना ही लपवायची वस्तू होती. कौतुक करायचं ते चौकाचं, खांबांचं, मदलांचं (खांबावर तुळई पेलणारे आडवे आधार), केळफुलांचं.

स्पेनमध्येही तोवर असंच होतं. अरुंद, बहुधा गोल फिरणारे जिने. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून चौकालगत खुल्या चौकोनी पेटीत, तीन टप्प्यांचे, रुंद आणि उजेडाचे जिने यायला लागले. जिना चढणं हा पाहुण्याच्या स्वागताचा भाग झाला. कोव्हारुबियास यात तरबेज. तोलेदोच्या सान्ता क्रूस इस्पितळात त्याने याच जातीचा जिना केला, उशीकामाच्या भिंतींसकट, आणि तो शाबूत आहे! म्हणजे जळालेल्या जिन्याचा सख्खा भाऊ जिवंत आहे. भाचीला पुन्हा पिडणार.

(मदलांवरून आठवलं. आल्कालापासून जवळच ग्वादालाहारा गावात लोरेन्सो वास्केसने बांधलेला आन्तोनिओ दे मेन्दोसाचा वाडा आहे. त्याच्या चौकात खांबावर सरळ तुळई आणि मधे आडवा मदल. त्याला ते 'सापाता' म्हणतात, म्हणजे जोडा, पायातला. फोटो आमच्या हाताखालच्या मुलाला दाखवला तर म्हणाला, हा कुठला वाडा, वाईचा का?)

९ फेब्रुवारी

आज काम शून्य, पण जे सापडलं ते लिहायलाच हवं.

या राजवाड्यात जिन्यावरून पडण्याची एक जगप्रसिद्ध घटना घडली आहे. राजा दुसऱ्या फिलिपचा मुलगा डॉन कार्लोस, वय सोळा, हवापालट आणि शिक्षणासाठी आल्कालाला ठेवला होता. सोबतीला डॉन हुआन दे आउस्त्रिया (नात्याने काका, वयाने बरोबरीचा) आणि आतेभाऊ आलेस्सान्द्रो फार्नेसे. १९ एप्रिल १५६२, रविवार. जेवण झाल्यावर कार्लोस घाईघाईने जिना उतरला. शेवटच्या चार-पाच पायऱ्यांवर पाय हुकला आणि डोकं खालच्या बंद दारावर आपटलं. त्या काळची कुजबुज अशी की तो पहारेकऱ्याच्या मुलीला भेटायला निघाला होता.

जखम चिघळली, ताप चढला, चेहरा सुजून डोळे मिटले. राजा माद्रिदहून धावला, बरोबर वैद्यांची फौज, त्यात खुद्द आंद्रेआस वेसालियस, मानवी शरीररचनेचा त्या काळचा सर्वांत मोठा जाणकार. वालेन्सियाहून एक मोरिस्को (बाटवलेल्या मुसलमानांपैकी) वैद्य मलमं घेऊन आला. आणि गावकऱ्यांनी तिथल्या मठातून फ्राय दिएगो या साधूचं शव आणलं. साधू १४६३ मध्ये वारलेला, म्हणजे शंभर वर्षांचं शव, आणि ते आजारी मुलाच्या बिछान्याशी नेलं. मुलगा वाचला. श्रेय कोणाचं यावर वैद्य आणि संन्यासी भांडले, राजाने निकाल साधूच्या बाजूने दिला. १५८८ मध्ये दिएगो संत झाला. अमेरिकेतल्या सान दिएगो शहराचं नाव त्याचंच.

मी आनंदाने उडालो. मॉडेलला गोष्ट मिळाली! मॅडमना मेसेज टाइप करायला घेतला. मग हजर असलेल्या शल्यवैद्याचं, दिओनिसिओ दासा चाकोनचं वर्णन पुन्हा वाचलं. तो लिहितो की जिना फार अंधारा होता आणि पायऱ्या वाईट होत्या.

फार अंधारा. भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. कमानी, उजेड, रुंद पायऱ्या, कोव्हारुबियासचं आयुष्याचं काम. हा तो जिना नव्हेच. कार्लोस पडला तो नोकरांच्या वापरातला, आमच्या नारायण पेठेतल्यासारखा जिना.

मेसेज खोडला.

१४ फेब्रुवारी

माप ठरवलं. तर्क असा: कास्तिलियन मिस्त्री मीटरमध्ये विचार करत नव्हता. त्याचा 'पिए' (पाऊल) २७.८६ सेंटिमीटरचा, तीन पिए म्हणजे एक वारा, ८३.५९ सेंटिमीटर. तेव्हा पायरी पूर्ण, अर्ध्या किंवा पाव पिएच्या हिशोबात बसवून पाहावी. चढ अर्धा पिए म्हणजे १३.९३ सेंटिमीटर, पायरीचं पाऊल, म्हणजे पाय टेकायची खोली, सव्वा पिए म्हणजे ३४.८. दोन चढ अधिक एक पाऊल म्हणजे ६२.७. कुठल्याही ठेकेदाराला विचारा, बासष्ट-त्रेसष्ट आलं की जिना सुखाचा. फोटोतल्या प्रमाणाशी ताडून पाहिलं, जमतं.

मजल्याची उंची वीस पिए धरली, ५.५७ मीटर. चाळीस पायऱ्या, तीन टप्प्यांत १४, १२, १४. रुंदी आठ पिए. हा हिशोब माझा आहे, कोव्हारुबियासचा नव्हे, आणि मॉडेलच्या बैठकीवर तसं लिहिणार.

१:२० ला चढ ६.९७ मिमी. माउंटबोर्ड २.३ मिमीचा, तीन थर ६.९. वर फेव्हिकॉल. उत्तम.

१८ फेब्रुवारी

उत्तम कसलं. चाळीस पायऱ्या चिकटवून उभ्या केल्या तर उंची २७८.६ मिमीऐवजी २८३. पायरीमागे दहावा हिस्सा मिमी फेव्हिकॉलने खाल्ला, चाळीस पायऱ्यांत साडेचार मिमी जमले. प्रत्यक्षात नऊ सेंटिमीटर. वरच्या मजल्यावर पोचताना ठेच लागेल एवढं. वीस वर्षं हा धंदा करतोय आणि चिकटवणीची जाडी धरायला विसरलो. सगळ्या पायऱ्या तळातून पॉलिशपेपरवर घासल्या. हाताखालचा मुलगा दिवसभर बोलला नाही माझ्याशी.

२३ फेब्रुवारी

उश्या.

एक दगड दोन पिए बाय एक पिए धरला, म्हणजे मॉडेलमध्ये २७.९ बाय १३.९ मिमी. तीनशे बारा नग लागणार. आधी बोर्डावर एम-सील थापून एकेक घडवायचा प्रयत्न केला, दहावा नग होईपर्यंत पहिल्याचा आणि दहाव्याचा चेहरा वेगळा. मग साबणाच्या वडीतून एकच नग कोरला. कडेपासून दोन मिमी सपाट पट्टी, तिथून हळूहळू फुगवटा, माथा पुन्हा जवळजवळ सपाट. फुगवटा गोल केला की पाव दिसतो. तीन वड्या वाया गेल्या. चौथ्या वेळी सँडपेपर टाकून बोटाने पाणी लावून घासला आणि जमला.

त्यावरून सिलिकॉनचा बारा खणांचा साचा. पहिला घाणा प्लास्टर ऑफ पॅरिसचा, सगळ्यांच्या तोंडावर बुडबुडे, देवी आल्यासारखे. मग दातांच्या दवाखान्यांना माल देतात त्या दुकानातून डेंटल प्लास्टर आणलं. साचा भरून खालून टेबलावर टकटक केलं, बुडबुडे वर आले. सव्वीस घाणे. मुलगा आता तरबेज झालाय, आणि बोलतोही.

पृष्ठभागावरच्या बारीक नक्षीचा नाद सोडला. १:२० ला ती मुंगीच्या पायांसारखी दिसते. रात्री बारा उश्या ओळीत लावून टेबलदिव्याचा उजेड बाजूने टाकला. प्रत्येकीची एक बाजू उजळली, एक सावलीत गेली, आणि ओळ हलल्यासारखी दिसायला लागली. भिंत एवढी का फुगवली असेल त्या माणसाने, ते तेव्हा कळलं. सपाट भिंतीवर उजेड नुसता पडून राहतो. इथे माणूस चढत जातो तशी प्रत्येक दगडावरची सावली त्याच्याबरोबर बदलते.

१ मार्च

भाची तोलेदोला गेली. सान्ता क्रूस आता संग्रहालय आहे. जिना चढून-उतरून आली आणि व्हॉइस मेसेज पाठवला: "मामा, धाप लागत नाही. पूर्ण पाऊल मावतं. आणि आपोआप सावकाश चालते मी, का कुणास ठाऊक." का ते तिला सांगितलं. चढ कमी आणि पाऊल रुंद असलं की घाई करताच येत नाही. माझे १३.९३ अगदीच हवेत नाहीत.

सान्ता क्रूस इस्पितळ ज्याच्या देणगीतून झालं तो कार्डिनल मेन्दोसा. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

ॲडव्हान्सचा अर्धा भाग आला.

७ मार्च

आज पोटात गोळा आला. राजवाड्याची एकोणिसाव्या शतकात मोठी दुरुस्ती झाली होती. १८५८ मध्ये इथे सरकारी मध्यवर्ती दप्तरखाना आणला, आणि नंतर हुआन होसे उर्किहो आणि चित्रकार मान्वेल लारेदो यांनी दालनं नव्याने सजवली. हा लारेदो हौशी माणूस, पुढे गावाचा महापौरही झाला. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचा स्वतःचा बंगला आहे, नवमुदेहार पद्धतीचा, मनोऱ्यासकट. त्याच्या हाताला रंग आणि गिलावा एकदा लागला की तो थांबत नसे.

मग जुन्या फोटोंत जे 'पंधराव्या शतकातलं' म्हणून आपण बघतो, त्यातलं कोन्त्रेरासचं किती आणि लारेदोचं किती? धर्मसभेच्या दालनापुरता हा प्रश्न फार मोठा आहे. आपला जिना दगडाचा, त्याला झळ कमी. तरी मी ठरवलं: फोटोत दिसतं ते पांढऱ्या प्लास्टरमध्ये, माझा अंदाज तो राखाडी बोर्डात, कुठलाही रंग नाही, कुठलंही जुनाटपण नाही. मॅडम म्हणाल्या, थोडा 'दगडी टच' द्या ना. म्हटलं, तो लारेदोने देऊन झालाय.

१४ मार्च

धुळवड. दुकान बंद, मी एकटाच. आगीची नोंद आजच करतो.

स्पेनचं यादवी युद्ध १ एप्रिल १९३९ ला संपलं. युद्धाच्या काळात राजवाड्यात लष्कर होतं. युद्धातून इमारत तगली आणि शांततेच्या पाचव्या महिन्यात जळाली. दालनं, चौक, छतं, जिना, आणि दप्तरखाना. मंत्रालयांचे जुने कागद इथे ठेवले जात, लाखाहून जास्त गठ्ठे. स्पॅनिशमध्ये त्याला 'लेगाहो' म्हणतात, बांधलेला तो. आपल्या पेशवे दप्तरातला रुमाल तोच. कापडात कागद ठेवून गाठ मारलेला, वर चिठ्ठी. आल्कालात त्या दिवशी अख्ख्या देशाच्या कारभाराचे रुमाल जळाले. जिन्याचा फोटो तरी आहे. कागदांचे फोटो कोणी काढून ठेवले नव्हते.

कोव्हारुबियासचं नशीब बघा. तोलेदोच्या राजकिल्ल्यावर, आल्कासारवर, त्याने काम केलं, तो १९३६ च्या वेढ्यात उद्ध्वस्त झाला. तीन वर्षांत आल्काला गेलं. पण आल्कासार ही युद्ध जिंकणाऱ्या पक्षाच्या अभिमानाची जागा होती, म्हणून तो दगड न् दगड पुन्हा बांधला. आल्कालासाठी कोणी छाती पिटली नाही. जागेवर टिकलं तेवढं टिकलं.

२१ मार्च

मॉडेल जवळजवळ उभं आहे. भांडण झालं.

कॉलेजने प्रदर्शनाच्या फलकाचा मजकूर पाठवला: 'याच जिन्यावरून कोलंबस राणी इसाबेलाला भेटायला चढला. याच राजवाड्यात इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची राणी कॅथरिन जन्मली.'

फोन केला. म्हटलं, मॅडम, कॅथरिनचा जन्म १६ डिसेंबर १४८५. कोलंबस आल्कालाला राजाराणीपुढे पहिल्यांदा उभा राहिला २० जानेवारी १४८६ ला. तेव्हा आर्चबिशप होता मेन्दोसा, सान्ता क्रूसवाला. कोव्हारुबियासचा जन्म १४८८ चा. जिना बांधणाराच जन्मला नव्हता तर कोलंबस चढला कशावरून? पुढे सम्राट झालेला फर्डिनांड इथेच जन्मला, १० मार्च १५०३ ला, तेव्हा हा मिस्त्री पंधरा वर्षांचा. दर्शनी भिंतीचीही तीच गत. पर्यटक तिच्यासमोर उभे राहून कोलंबसची कल्पना करतात आणि त्याने ती भिंत पाहिलेलीच नाही.

पलीकडे शांतता. मग, "पण काका, लोकांना नावं लागतात. डॉन कार्लोस तरी टाकू?"

त्यांनीही वाचलं होतं तर. अंधाऱ्या जिन्याचं सांगितलं. "मग या जिन्यावरून चढलं तरी कोण?" त्या वैतागल्या.

प्रश्न चांगला होता, मला उत्तर देता आलं नाही.

२५ मार्च

उत्तर रात्री सापडलं, वहीची पानं मागे उलटताना. १८५८ ते १९३९, एक्याऐंशी वर्षं. रोज सकाळी दप्तरखान्याचे कारकून. दमट गठ्ठे घेऊन वर, मागणीचे गठ्ठे घेऊन खाली. ताव्हेरा १५४५ मध्ये वारला, त्याच्या वाट्याला पूर्ण झालेला जिना कितीसा आला असेल? पाहुण्यांसाठी बांधलेल्या जिन्याचं सर्वांत जास्त झिजणं कारकुनांच्या जोड्यांनी झालं असणार.

मॉडेलवर प्रमाण दाखवायला एक माणूस ठेवावाच लागतो. मॅडमना कोलंबस हवा होता, टोपीसकट. मी तार वाकवली, एम-सील चढवलं. उंची ८४ मिमी, म्हणजे पाच फूट सहा इंच. अंगात कोट, पाठ जराशी वाकलेली, डाव्या काखेत गठ्ठा. गठ्ठ्याला शिवणाच्या दोऱ्याची गाठ मारली. ती गाठ मारायला चष्मा लावून चाळीस मिनिटं गेली, पायऱ्यांपेक्षा जास्त त्रास.

फलकाचा नवा मजकूर मॅडमनी मागवला. तीन ओळी लिहून पाठवल्या. कोलंबस नाही. अंधाऱ्या जिन्याची एक ओळ घातली, तेवढी ठेवा म्हटलं.

२८ मार्च

टेम्पोने पोचवलं. खाली फोम, बाजूला जुन्या गाद्या, मी मागे मॉडेलशेजारी बसून. कठड्याचा एक तुकडा उडाला, जागेवर चिकटवला. मॅडमनी आधी जिना न पाहता माणूस पाहिला. "हा कोण?"

"कारकून."

"दुसऱ्या टप्प्यावर का उभा केलाय? सुरुवातीला शोभला असता."

म्हटलं, वर निघालाय. अजून सव्वीस पायऱ्या चढायच्यात त्याला.

उरलेले पैसे सोमवारी देतो म्हणाले. पाडवा रविवारी आहे. भाचीला फोटो पाठवला, तिचं उत्तर आलं: मामा, करकोचे विसरलास.